आधी पाटी, मग चित्र

चित्रप्रदर्शनात कसं उभं राहायचं हे मला लग्नानंतर कळलं. दोन्ही हात पाठीमागे, मान किंचित डावीकडे, आणि दर दोन चित्रांमागे एकदा नाकातून ‘हं’. हा ‘हं’ फार महत्त्वाचा. लांबवला तर चित्र आवडलं, तोडला तर विचारात पडलो, आणि शेवटी सूर वर नेला तर चित्रकार शेजारीच उभा आहे. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत मी निव्वळ या ‘हं’च्या भांडवलावर कित्येक दुपारी काढल्या. आतलं समोवार उपाहारगृह चालू होतं तोवर माझ्या कलाप्रेमात खंड पडला नाही. २०१५ साली ते बंद झालं आणि माझी चित्रकलेची जाण एकदम खालावली.

एक गोष्ट मात्र तेव्हाच ध्यानात आली होती. चित्रापाशी गेलो की माझे डोळे आधी त्याच्या बाजूच्या छोट्या पाटीकडे जातात. नाव, साल, माध्यम, किंमत. किंमत वाचून झाली की डोळे वर जातात, ते पाच लाखांसारखं नेमकं काय काढलंय हे शोधायला. एकदा एका चित्राची पाटी गळून पडली होती. त्याच्यासमोर मी असा अवघडलो, जसा स्वयंपाकघरात नाव न लिहिलेल्या डब्यात बोट घालताना माणूस अवघडतो. हळद निघेल की मोहरीची पूड, काय सांगावं! मी ‘हं’सुद्धा न करता पुढे सटकलो.

हे माझं एकट्याचं व्यंग आहे असं मी समजत होतो. पुढे गाजलेल्या चित्रांच्या आणि चित्रकारांच्या खऱ्या हकिगती वाचायला लागलो आणि जीव भांड्यात पडला. धर्मपीठाचे न्यायाधीश, शहराचे कारभारी, पोलीसखातं, नाझी सेनानी, सगळे आमच्याच पंगतीतले निघाले. आधी पाटी, मग चित्र.

आमच्या बैठकीच्या खोलीतही एक चित्र आहे. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते फ्रेम करून आणलं आणि चौकटीखाली निळ्या शाईत लिहिलेली चिठ्ठी डकवली: ‘राजा रविवर्मा’. त्या चिठ्ठीचं काय झालं ते शेवटी सांगतो. आधी व्हेनिसला जाऊन येऊ.

१५७३ साली पाओलो व्हेरोनेझे या व्हेनिसमधल्या चित्रकाराने एका मठाच्या भोजनगृहासाठी येशूच्या अखेरच्या भोजनाचं चित्र काढलं. कापड जवळजवळ १३ मीटर लांब, आणि कथेप्रमाणे जेवायला बसलेली माणसंही १३. मीटरमागे एक माणूस! अशी पंगत कुठल्या यजमानाला बघवेल? व्हेरोनेझेने मग उरलेली जागा सढळ हाताने भरली. पोपट घेतलेला विदूषक आला, बुटके आले, कुत्रा आला, जर्मन शिपाई आले, काट्याने दात कोरणारा एक जण आला, आणि एक नोकर तर नाकातून घोळणा फुटून उभा राहिला.

धर्मपीठाने व्हेरोनेझेला चौकशीला बोलावलं. या पवित्र प्रसंगी विदूषक कशाला? नाकातून रक्त कुणाच्या आणि का? जर्मन का, हा तर फारच नाजूक प्रश्न, कारण जर्मनीत तेव्हा पोपविरुद्ध बंड झालेलं. व्हेरोनेझे म्हणाला की कवी आणि वेडे जी मुभा घेतात तीच आम्ही चित्रकार घेतो. जागा शिल्लक होती, म्हणून माणसं घातली. न्यायाधीशांनी हुकूम दिला: तीन महिन्यांत स्वखर्चाने चित्र दुरुस्त कर.

व्हेरोनेझेने दुरुस्ती केली. चित्राचं नाव बदललं. ‘लेवीच्या घरची मेजवानी’ असं त्यावर लिहून टाकलं, बायबलातल्या प्रकरणाच्या उल्लेखासकट. लेवी हा जकात गोळा करणारा माणूस. त्याच्याकडे कोण जेवायला येईल याचा धर्मपीठाला काय भरवसा! पोपट जागेवर राहिला, कुत्रा जागेवर राहिला, दात कोरणाऱ्याचे दात आजही व्हेनिसच्या अकादेमियात कोरून व्हायचे आहेत. प्रकरण मिटलं. साडेचारशे वर्षांपूर्वीच्या त्या न्यायाधीशांना मी मनोमन नमस्कार केला. पाटी बदलली की चित्र बदलतं, हे त्यांच्याइतकं स्वच्छपणे कुणी मान्य केलेलं नाही.

फ्लॉरेन्सचे कारभारी पिएरो सोदेरिनी तर मला सोसायटीच्या सेक्रेटरीसारखे वाटतात. दुसऱ्यांनी बिघडवून टाकलेला, कित्येक वर्षं पडून राहिलेला संगमरवराचा धोंडा घेऊन मायकेलअँजेलोने त्यातून पाच मीटरांहून उंच ‘डेव्हिड’ काढला. १५०४ साल. सोदेरिनी खालून बघतात. सगळं उत्तम, पण पदावरचा माणूस ‘सगळं उत्तम’ म्हणून घरी जात नसतो. ते म्हणाले, नाक जरा जाड झालंय. मायकेलअँजेलो तोंडाने तिखट म्हणून प्रसिद्ध, पण त्या दिवशी तो काही बोलला नाही. फळीवरची चिमूटभर संगमरवरी भुकटी गुपचूप मुठीत घेऊन तो परांचीवर चढला. छिन्नी नाकापाशी नुसती नाचवली आणि मुठीतली भुकटी थोडी थोडी खाली सोडली. ‘आता बघा.’ सोदेरिनी खूश. आता कुठे पुतळ्यात जीव आला, म्हणाले. हा किस्सा मायकेलअँजेलोचा चरित्रकार वासारी याने लिहून ठेवला आहे. घराचं काम काढलेल्या प्रत्येक माणसाने तो वाचावा, आणि आपल्या सुताराच्या हाती लागू देऊ नये.

पाटीच्या महिम्याचा कळस म्हणजे मात्र मोनालिसा. माझे साडू युरोपच्या सहलीत तिला भेटून आले आहेत. लूव्र संग्रहालयाला सहलवाल्यांनी पाऊण तास दिला होता. त्यातला निम्मा रांगेत गेला. साडूंच्या फोटोत दहा-बारा उंचावलेले मोबाइल आणि त्यांच्या पलीकडे एक तपकिरी चौकोन दिसतो. ‘समोरून बघताना वेगळंच वाटतं हो,’ असं ते सांगतात. समोर नेमकं काय होतं, हे विचारायची माझी छाती झालेली नाही.

ही बाई एवढी प्रसिद्ध झाली, ती एका सोमवारी नाहीशी झाली म्हणून. तारीख २१ ऑगस्ट १९११. सोमवारी लूव्र साफसफाईसाठी बंद असे. विन्चेन्झो पेरुज्जा नावाचा इटालियन कारागीर कामगारांचा पांढरा झगा घालून आत वावरत होता. संग्रहालयाच्या चित्रांना काचा बसवायच्या कामावर तो पूर्वी होताच, त्यामुळे ती चौकट कशी सुटते हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. भिंतीवरून चित्र उतरवलं, जिन्यात जाऊन चौकट आणि काच काढून टाकली. चित्र लाकडी फळीवरचं, ७७ गुणिले ५३ सेंटिमीटर, म्हणजे आपल्याकडच्या मोठ्या पाटाएवढं. खालचं दार उघडेना, तेव्हा तिथून जाणाऱ्या एका प्लंबरनेच ते किल्लीने उघडून दिलं. सरकारी इमारतीत प्लंबर वेळेवर भेटल्याचं इतिहासातलं हे एकमेव उदाहरण असावं.

पुढचा भाग मला जास्त प्रिय आहे. चित्र गेलेलं चोवीस तासांहून जास्त वेळ कुणाला कळलंच नाही. भिंतीवर खिळे दिसत होते, पण ‘फोटो काढायला वर नेलं असेल’ अशी पहारेकऱ्यांची समजूत. मंगळवारी लुई बेरू नावाचा चित्रकार तिथे चित्र काढायला आला. त्याला त्या भिंतीचंच चित्र काढायचं होतं, म्हणून भिंत रिकामी आहे हे त्याच्या लक्षात आलं. त्याने भुणभुण लावली, तेव्हा पहारेकरी फोटोवाल्यांकडे विचारायला गेला, आणि मग पळापळ सुरू झाली. मोनालिसा चोरणं म्हणजे नोत्र-दामचे मनोरे चोरण्यासारखं आहे, असं संग्रहालयाचे संचालक आधी म्हणून बसले होते. मनोरे जागेवर राहिले, संचालकांची खुर्ची गेली.

आठवडाभराने लूव्र उघडलं आणि लोकांची रीघ लागली. कशाला? ती जागा बघायला. चित्र असताना जे कधी फिरकले नव्हते, ते रांगेत उभे राहून चार खिळे आणि भिंतीचा मोकळा तुकडा बघून गेले. त्या गर्दीत प्रागहून आलेला एक तरुण होता, फ्रान्झ काफ्का. मित्राला घेऊन तो ती रिकामी जागा बघून आला. पुढे त्याने जे लिहिलं ते वाचताना मला ही भेट नेहमी आठवते.

पोलिसांनी तपास मात्र जोरात केला. कवी आपोलिनेरला धरून काही दिवस तुरुंगात टाकलं, आणि तरुण पिकासोलाही चौकशीला आणलं. पिकासो घाबरला होता त्याला कारण होतं. त्याच्याकडे दोन प्राचीन दगडी मुंडकी होती, आणि ती खरंच लूव्रमधून चोरलेली होती. आपोलिनेरच्या ओळखीच्या एकाने ती उचलून आणून पिकासोला विकली होती. मोनालिसा गेल्याचा गवगवा झाला तशी दोघांची गाळण उडाली. मुंडकी पेटीत भरून रात्री सेन नदीत बुडवायला निघाले, हिंमत झाली नाही म्हणून पेटी परत घेऊन आले, आणि शेवटी एका वर्तमानपत्राच्या कचेरीत नेऊन दिली. विसाव्या शतकाची चित्रकला उलटीपालटी करणारा माणूस पॅरिसच्या रस्त्यांवरून रात्रभर एक जड पेटी वाहत फिरतोय, हे चित्र कुणी काढलं नाही याची मला हळहळ वाटते.

खरा चोर त्या वेळी पॅरिसमध्येच होता. पोलीस त्याच्या खोलीवरही येऊन चौकशी करून गेले. काचेवर त्याच्या अंगठ्याचा ठसा मिळाला होता आणि किरकोळ गुन्ह्यांत सापडल्यामुळे त्याचे ठसे दप्तरीही होते. पण दप्तर उजव्या अंगठ्यावरून लावलेलं, आणि काचेवरचा ठसा डाव्याचा! कुठल्याही कचेरीत ‘हे आमच्या टेबलावर येत नाही’ हे वाक्य ज्याने ऐकलंय, त्याला यात काही नवल वाटणार नाही.

दोन वर्षं मोनालिसा एका ट्रंकेच्या चोरकप्प्यात राहिली. डिसेंबर १९१३मध्ये पेरुज्जाने ती फ्लॉरेन्सला आणली आणि एका कलावस्तूंच्या व्यापाऱ्याला दाखवली. त्याला लिहिलेल्या पत्राखाली सही केली होती ‘लिओनार्दो’, म्हणजे मोनालिसाच्या चित्रकाराचंच नाव. व्यापारी आणि उफ्फिझी संग्रहालयाचे संचालक त्याच्या हॉटेलातल्या खोलीत गेले, चित्र खरं असल्याचं बघितलं आणि तपासून घेतो म्हणून बरोबर घेऊन निघाले. खाली हॉटेलच्या दरवानाने त्यांना अडवलं. त्याला वाटलं, पाहुणे हॉटेलच्या भिंतीवरचंच चित्र लांबवताहेत! लूव्रने हा दरवान नोकरीला ठेवला असता तर सगळं रामायण टळलं असतं.

कोर्टात पेरुज्जाने सांगितलं की हे देशभक्तीचं काम होतं. नेपोलियनने लुटून नेलेलं धन मी मायदेशी आणलं. खरी गोष्ट अशी की लिओनार्दो स्वतःच चित्र घेऊन फ्रान्सला गेला होता आणि तिथल्या राजाकडे ते रीतसर आलं. तेव्हा नेपोलियन जन्माला यायला अडीचशे वर्षं होती. तरी इटलीत लोक पेरुज्जावर खूश होते. शिक्षा एक वर्ष पंधरा दिवसांची झाली, तीही घटवून सात महिन्यांवर आली. हॉटेलने आपलं नाव बदलून ‘ला जोकोन्दा’ ठेवलं, म्हणजे इटालियनमध्ये मोनालिसाच. अखेर पाटीचा फायदा पाटीलाच झाला.

चित्र गायब असताना न दिसणं एक वेळ समजू शकतं. समोर असून न दिसण्याचा मान न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयाकडे जातो. १९६१ साली तिथे चित्रकार मातीसचं ‘होडी’ नावाचं कागद कापून केलेलं चित्र लागलं होतं. होडीचं शीड आणि पाण्यातलं त्याचं प्रतिबिंब, एवढंच. ते ४७ दिवस उलटं टांगलेलं होतं. एक लाख सोळा हजार माणसं त्याच्यापुढून गेली. त्यांतले किती जण ‘हं’ म्हणाले असतील, याचा मी हिशेब करून बघितला आणि मला फार धीर आला. शेवटी चूक कुणी काढली? शेअर बाजारातल्या एका बाईंनी. शिडापेक्षा प्रतिबिंब जास्त ठळक कसं, असा त्यांना प्रश्न पडला. पहारेकऱ्याने दाद दिली नाही, तेव्हा त्यांनी थेट वर्तमानपत्राला कळवलं. वर काय आणि खाली काय, हे शेअर बाजारातल्या माणसाला कळायचं नाही तर कुणाला?

चित्रकार मोंद्रियानचं प्रकरण याच्याही वरचं. रंगीत चिकटपट्ट्यांनी केलेलं त्याचं १९४१चं एक चित्र जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात १९८०पासून लागलेलं आहे. २०२२मध्ये ध्यानात आलं की मोंद्रियानच्या स्टुडिओतल्या जुन्या फोटोत ते उलट्या बाजूने आहे. मग सुलटं केलं का? छे! इतकी वर्षं पट्ट्या ज्या बाजूला लोंबकळायला सरावल्या, तिथून फिरवलं तर गळून पडतील, म्हणून तसंच ठेवलं. आमच्या घरातल्या एका खिडकीबद्दल मी हेच कारण गेली आठ वर्षं देतो आहे, पण घरात कुणी त्याला जतन म्हणत नाही.

आता किमतीचं बोलू, कारण पाटीवरची तीच ओळ आपण नीट वाचतो. १९१०मध्ये पॅरिसच्या एका मोठ्या प्रदर्शनात बोरोनाली नावाच्या इटालियन चित्रकाराचं सूर्यास्ताचं चित्र लागलं. त्यावर लिहिलं गेलं, चर्चा झाली. मग उघड झालं की हा बोरोनाली म्हणजे मोंमार्त्रमधल्या एका गुत्त्याच्या मालकाचं लोलो नावाचं गाढव. रोलां दोर्जेलेस या लेखकाने मित्रांसह गाढवाच्या शेपटीला कुंचला बांधला, पुढ्यात खाऊ धरला आणि शेपटी हलेल तसं कापड पुढे केलं. नंतर कुणी शंका घेऊ नये म्हणून कोर्टाचा बेलीफ बोलावून रीतसर पंचनामाही करून ठेवला. चित्र विकलं गेलं ४०० फ्रँकला. वीस वर्षं आधी व्हॅन गॉगचं ‘तांबडा द्राक्षमळा’ हे चित्र त्याच्या हयातीत विकलं गेलं होतं, तेही ४०० फ्रँकला. दोघांचा भाव एकच. फरक इतकाच, की गाढवाला आधी गाजर मिळालं होतं.

आणि पाटीवर विश्वास ठेवल्याबद्दल सगळ्यांत सुंदर फसवणूक झाली ती नाझी सेनानी हर्मन गोरिंगची. हान व्हान मेखेरेन हा डच चित्रकार. टीकाकारांनी त्याला मोडीत काढलं होतं. त्याने ठरवलं की आपलं नाव चालत नाही ना, मग व्हर्मीर या जुन्या नामांकित चित्रकाराचं चालवू. सतराव्या शतकातलं जुनं कापड मिळवायचं, रंगात बेकलाइट कालवायचं, म्हणजे जुन्या रेडिओचं खोकं आणि विजेची काळी बटणं ज्याची असत तेच, आणि चित्र चक्क भट्टीत भाजायचं. तीनशे वर्षांची कडक खुसखुशीत पापडी तयार! १९३७मध्ये त्याचं पहिलं मोठं चित्र व्हर्मीरची सर्वश्रेष्ठ कृती म्हणून हॉलंडमधल्या सर्वांत जाणत्या तज्ज्ञाने गौरवलं आणि रॉटरडॅमच्या संग्रहालयासाठी ते पाच लाख गिल्डरांहून जास्त मोजून घेतलं गेलं. युद्धात असाच एक ‘व्हर्मीर’ गोरिंगकडे गेला. त्याच्या बदल्यात गोरिंगने १३७ चित्रं दिली.

युद्ध संपल्यावर १९४५ साली मेखेरेनला पकडलं. आरोप देशद्रोहाचा: राष्ट्राचा ठेवा शत्रूला विकला. तेव्हा त्याने कबूल केलं की तो ठेवा मीच केला होता. कुणाला पटेना. अखेर पहाऱ्यात बसवून त्याच्याकडून नवा ‘व्हर्मीर’ काढून घेतला. जिवावर बेतल्यावर मिळालेली असाइनमेंट! देशद्रोही होता तो रातोरात गोरिंगला गंडवणारा पठ्ठ्या झाला. १९४७मध्ये बनावटगिरीबद्दल एक वर्षाची शिक्षा झाली आणि ती भोगायच्या आतच तो वारला. गंमत अशी की आज ती चित्रं बघणारा कुणीही सांगतो, छे, यातले चेहरे १९३०च्या सिनेनट्यांसारखे आहेत. तेव्हा पाटीवर व्हर्मीर होता. चेहऱ्याकडे कोण बघतो?

एवढं सगळं वाचून झाल्यावर मी आमच्या बैठकीतल्या चित्राकडे वळलो. तुमच्याकडेही ते असेल. हातात दिवा घेऊन उभी असलेली बाई, ज्योतीपुढे धरलेला दुसरा हात, चेहऱ्यावर खालून पडलेला उजेड. चाळीस वर्षं मी आल्यागेल्याला ते रविवर्म्याचं म्हणून सांगत आलो. एकदा तर ‘रविवर्म्याच्या तैलरंगातला उजेड’ या विषयावर चहा निवेपर्यंत बोललो होतो. ते चित्र रविवर्म्याचं नाही. सावंतवाडीला जन्मलेल्या सावळाराम हळदणकरांचं आहे, १९४५-४६च्या सुमाराचं, आणि मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. दिवा घेऊन उभी राहिली ती त्यांची मुलगी गीता. रविवर्मा १९०६मध्येच गेले होते. वर चित्र जलरंगातलं. म्हणजे चित्रकार चुकला, काळ चाळीस वर्षांनी चुकला, रंगही चुकला. चित्रात उजेड आहे, एवढं माझं बरोबर होतं.

मी घाईघाईने आईला हे सांगायला गेलो. ती वाती वळत होती. म्हणाली, ‘असेल बाबा. ती चिठ्ठी मला कुठे इथून वाचता येते? मला आपलं दिसतं, की तिच्याकडे वारा सुटलाय म्हणून तिने हात आडवा धरलाय. आणि बोटं बघ कशी तांबूस झालीत. ज्योतीपुढे हात धरला की होतातच.’

मी जाऊन बघितलं. बोटं खरोखरच तांबूस होती.

आप्पांच्या हस्ताक्षरातली चिठ्ठी काढवेना. म्हणून तिच्याखाली मी दुसरी डकवली: ‘सावळाराम हळदणकर’. पुढच्याच रविवारी साडू आले. चित्रापुढे थांबले, वाकून दोन्ही चिठ्ठ्या वाचल्या आणि म्हणाले, ‘अरे वा! मूळ रविवर्मा, आणि ही कॉपी हळदणकरांची. कॉपी मात्र हुबेहूब साधलीय हो!’

मग त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले, मान किंचित डावीकडे केली आणि नाकातून एक लांबलचक ‘हं’ सोडला. तो ‘हं’ मी लगेच ओळखला. मी काही बोललो नाही. आत जाऊन चहा टाकला.